मुका झालेला ब्रेक आणि फाटकावरची गादी

"ताई, एक वेळ सायकल भंगारात द्या, पण त्या चकतीला तेल दाखवू नका," असं सायकलवाल्याने मला बजावलं होतं. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, याला स्वतःचं दुकान चालवायचंय! अहो, मी भौतिकशास्त्राची पदवीधर. घर्षणावरच्या प्रश्नात मला पैकीच्या पैकी गुण होते. आवाज घर्षणाने होतो, घर्षण तेलाने कमी होतं. यात न कळण्यासारखं काय आहे?

आधी त्या आवाजाबद्दल सांगते. आमचं घर उताराच्या पार तळाशी. नवरा कामावरून येताना वरपासून ब्रेक दाबत येतो. ब्रेक डिस्कचे, म्हणजे चाकाच्या मधोमध एक पोलादी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारे दोन पॅड. त्या चिमटीतून जो आवाज निघायचा, तो म्हणजे पत्र्यावर खिळा ओढावा आणि खिळ्यालाच दुखावं तसा!

घरात या आवाजाचा एक चाहता होता आणि एक शत्रू. चाहते म्हणजे बाबा, माझे सासरे. त्यांचे दोन्ही गुडघे कायमच्या संपावर. उताराच्या टोकाला आवाज सुरू झाला, की ते "आला!" म्हणून खुर्चीतून उठायचे आणि फाटकाची कडी काढेपर्यंत सायकल बरोबर दारात. मग नवरा न उतरता थेट जिन्याखाली. त्यात कधी अर्ध्या मिनिटाची चूक नाही.

शत्रू म्हणजे आमची चिमणी. वय सात महिने. तिला झोपवायला पाऊण तास खांद्यावर घेऊन फिरावं लागतं. ती झोपली की मी तिच्या नाकाजवळ बोट धरून श्वास तपासते, खिडकी तपासते, पुन्हा श्वास तपासते. आणि मी डोळे मिटणार, एवढ्यात उतारावर तो खिळा! चिमणीचे डोळे दिव्याचं बटण दाबल्यासारखे लख्ख उघडायचे. सात महिन्यांत मी सलग दोन तास झोपलेले नव्हते. परवा मी दुधाच्या बाटलीला बूच लावायचं सोडून चष्म्याची डबी लावत होते.

म्हणून त्या रविवारी नवरा अंघोळीला गेल्याबरोबर मी जिन्याखाली शिरले. घरात तेल एकच होतं, चिमणीच्या मालिशचं. सौम्य, सुगंधी, कोवळ्या त्वचेसाठी. म्हटलं, त्वचेला चालतं तर पोलादाला काय धाड भरलीय? पुढच्या चकतीला लावलं, मागच्या चकतीला लावलं. हात लागलाच होता, म्हणून पॅडच्या फटीतही दोन-दोन थेंब सोडले. चाक फिरवून ब्रेक दाबला. काही म्हणजे काही आवाज नाही! ब्रेक दाबल्यावरही चाक जरा जास्तच ऐटीत फिरत होतं, पण तेव्हा मला ते यशाचं लक्षण वाटलं.

नवरा बाहेर आला. मी म्हटलं, "अरे, चिमणीचे डायपर संपलेत."

"आत्ता? डोकं ओलंय माझं."

"वाऱ्याने वाळेल."

तो सायकल हातात धरून उतार चढून गेला. तो चढ चालवत चढणं कुणालाच जमत नाही, आणि दुकान वरच्या टोकालाच आहे. म्हणजे तोवर ब्रेकला हात लावायची वेळच आली नाही. मी चिमणीला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी राहिले. पाऊण तासाचं काम त्या दिवशी दहा मिनिटांत झालं. चिमणी झोपली. मी तिच्या पाठीवर थोपटायला गेले, तर माझा हात सर्रकन खाली घसरला. तेलाचा हात!

आणि पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या डोक्यात प्रकाश पडला. घर्षण कमी झालं तर आवाज थांबेल. सायकल कशाने थांबेल?

वर बघते तो नवरा डायपरचा गठ्ठा हँडलला लटकवून सायकलवर बसत होता. ओरडायला तोंड उघडलं, तर मानेशी चिमणीचा ऊन ऊन श्वास! मी ओरडले, पण कुजबुजत. "थांऽऽब! बसू नकोस! उतर!" मोकळा हात जोरजोरात हलवला.

त्यानेही हात हलवला. मग त्याला वाटलं, मी 'लवकर ये' म्हणतेय. भला माणूस! त्याने पायडल मारायला सुरुवात केली.

खाली बाबा खुर्चीत आवाजाची वाट बघत निवांत बसलेले. फाटक बंद. फाटकावर चिमणीने पहाटे भिजवलेली गादी वाळत घातलेली.

मध्यावर त्याने ब्रेक दाबले असावेत, कारण त्याचा चेहरा बदलला. मग मात्र मी किंचाळले! त्या किंचाळीपुढे ब्रेकचा आवाज म्हणजे अंगाई. चिमणी जागी झाली, शेजारच्या खिडक्या उघडल्या, बाबा दचकून म्हणाले, "आला?"

आलाच. धप्प! गादीसकट फाटकावर. डायपर आकाशात उडून एकेक करून खाली आले.

मी चिमणीला घेऊन धावले. तो गादीला मिठी मारून उभा होता.

"लागलं का रे? बोल ना! किती बोटं दिसतायत?"

"ही गादी," तो नाक आक्रसून म्हणाला, "अजून वाळलेली नाही."

एक कोपर खरचटलं होतं, बाकी धडधाकट. बाबा म्हणाले, "सूनबाई, आवाज आला नाही म्हणून मी उठलो नाही. उघडलं असतं फाटक, तर हा सरळ जिन्याच्या भिंतीत."

सायकलवाल्याने चकतीला बोट लावून हुंगलं. "ताई, वास छान आहे."

"बाळाचं तेल आहे, भाऊ."

"तरीच! मालिश झालेलं बाळ कधी चिमटीत राहतं का?" पॅड त्याने टाकूनच दिले, नवे बसवले, चकत्या स्पिरिटने पुसल्या. मग म्हणाला, "पुढची जराशी वाकडी होती, म्हणून ओरडायची. केली सरळ. पाच मिनिटांचं काम होतं."

आता सायकल थांबते आणि गप्पही असते. पण बाबा पाच वाजल्यापासूनच फाटक उघडून तिथे खुर्ची टाकून बसतात.

"बाबा, तो सहाला येतो."

"ठाऊक आहे."

"मग आतापासून कशाला?"

"मग कळणार कसं मला?"

नवरा म्हणाला, घंटी वाजवत येतो. माझी नजर चिमणीकडे गेली. विषय तिथेच मिटला.

आज तो आला तेव्हा बाबांना खुर्चीत डुलकी लागली होती. त्यांची झोप मोडू नये म्हणून हा चोरपावलांनी आत आला आणि बुटांसकट आमच्या शेजारी घोरतोय. चिमणी माझ्या डाव्या हातावर, हे मी उजव्याने लिहितेय. खिडकीतून दिसतंय, बाबा जागे झालेत आणि मान उंच करून उताराकडे बघतायत. दिवेलागण होत आली. मी कुजबुजत हाक मारली, हात हलवला. त्यांनीही हात हलवला आणि पुन्हा उताराकडे तोंड केलं.

तेव्हा आमच्या उतारावरून जाणं झालंच, तर जरा फाटकाशी थांबून बघाल का त्यांच्याकडे? म्हणावं, मुलगा कधीच आलाय, आत झोपलाय, तुम्हीही या.

फक्त हळू सांगा हं!