पहिल्या शतकातली उपासना

"सोलापुरात आजवर झाली नाही अशी उपासना करून दाखवतो!" कुमारने आठवडाभर दिसेल त्याला ऐकवलं होतं. ख्रिस्ती उपासनेच्या इतिहासावर तीन दिवसांचं शिबिर करून तो पुण्याहून परतला, तो थेट पहिल्या शतकातच! पहिले विश्वासी घरोघरी जमायचे, खाली बसायचे, एकत्र जेवायचे. तेव्हा कुठली बाकं? नेमकी त्याच आठवड्यात चर्चच्या बाकांना वाळवी लागली. कमिटीला ते कळवलं कुमारनेच, बाकं बाहेर काढलीही त्यानेच!

त्यात रविवारी अकलूजच्या चर्चचे पाळक उदयसिंह येणार होते. जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांना उपासना शिकवायला ते एक माणूस निवडणार होते. त्या जागेवर कुमारचा जीव अडकला होता.

रविवारी चर्चमध्ये सगळीकडे सोलापुरी चादरी अंथरलेल्या.

"हितं खाली बसायचं व्हय?" गिरिजाबाई दारातच थबकल्या.

"बसा की, आत्या! येशूचा शिष्य पेत्रसुद्धा खालीच बसायचा."

"पेत्राचं वय काय होतं रं तवा?" असं म्हणत त्या बसल्या. बाकीची म्हातारी मंडळीही पुढच्या रांगांत बसली.

गाणी तर अशी रंगली! ढोलकी काय, टाळ्या काय! उदयसिंहांची मान डोलू लागली. कुमारने हात उंचावून डोळे मिटले. "आता उभं राहून प्रार्थना करू या!"

डोळे उघडून बघतो तर पुढच्या तीन रांगा खालीच!

"उभं राहू या!" तो पुन्हा ओरडला. कुणी हूं की चूं केलं नाही. सगळे ओठ घट्ट मिटून त्याच्याकडेच बघत होते. कुमारला दरदरून घाम फुटला. बहिष्कार! म्हणजे यांना कळलं!

"माफ करा!" त्याने हात जोडले. "बाकांना वाळवी न्हाय लागली! मी खोटं बोललो! बाकं माझ्या मेव्हण्याच्या गोदामात हायत. धडधाकट!"

"काय?" कमिटीचे महादेवप्पा बसल्या जागी किंचाळले. "अरे, आमी निरोपाची प्रार्थना केली की त्या बाकांसाठी!"

"वाळवीचं मागनं बघा," गिरिजाबाई कळवळल्या. "आधी हात दे, बाबा! गुडघा धरलाय. कवाधरनं उठायला बघतोय आमी!"

"म्हणजे... बहिष्कार न्हाय?"

"कसला बहिष्कार? उठव आधी!"

मग धरा, ओढा, सांभाळा! महादेवप्पांना उठवायला गेलेले दोघं त्यांच्याच शेजारी बसले. पंधरा मिनिटांनी सगळे एकदाचे उभे राहिले. कुमारला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. जागा गेली, अब्रूही गेली!

तेवढ्यात उदयसिंह पुढे आले. डोळे पाणावलेले.

"कुमार, मंडळ्या जाग्या झाल्या त्या अशाच! कुणीतरी सगळ्यांसमोर पाप कबूल केलं, तिथूनच सुरुवात झाली. जागा तुमची! पुढच्या रविवारी अकलूजला या. आमच्या मंडळीपुढंही असाच पश्चात्ताप करा!"

कुमार घाईघाईने पुढे सरसावला.

"पण साहेब, अकलूजला मी अजून काहीच केलेलं न्हाय की!"