मुंगसाचा समाचार

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी फार प्रेमळ होते. इतके प्रेमळ, की तिथे आजारी पडायची सोय नव्हती.

त्या जंगलात चंपूताई नावाची साळिंदर राहायची. एकदा तिला फासात अडकलेलं मुंगूस सापडलं. त्याचं नाव भिकोबा. तिने दातांनी फास तोडला आणि त्याला आपल्या बिळात आणलं. जखम चिघळली होती, अंग तापाने फणफणत होतं.

वैद्य कासवबुवांनी नाडी पाहिली. म्हणाले, "थोडं थोडं पाणी पाजा आणि झोपू द्या. झोप मिळाली तर वाचेल. नाही मिळाली तर मला बोलवू नका."

चंपूताईने पदर खोचला. साळिंदराला पदर कुठला, असं विचारू नका. खोचला म्हणजे खोचला.

पण जंगलाची एक रीत होती. कुणी आजारी पडलं की समाचाराला जायचं, आणि आजाऱ्याने आपल्याला ओळखल्याशिवाय उठायचं नाही.

पहिले आले अस्वलकाका. भिकोबाचा नुकताच डोळा लागला होता.

"झोपलाय? मग उठव की. एवढा डोंगर उतरून आलोय."

भिकोबाला उठवलं. "ओळखलंस का मला?" काकांनी त्याच्या कानात ओरडून विचारलं. भिकोबाने कशीबशी मान हलवली. काका खूश झाले. त्यांच्या आत्याला अगदी असंच झालं होतं. ती कशी गेली, ते त्यांनी सविस्तर सांगितलं.

मग कोल्हीणवहिनी आल्या. त्यांनी भिकोबाला उठवून बसवलं, शेजारी बसून फोटो काढला आणि 'लवकर बरा हो' असं लिहून जंगलभर पाठवला. तो पाहून रानडुकरं सहकुटुंब आली. चंपूताई त्यांच्यासाठी कंद उकडत राहिली. पाणी पाजायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी भिकोबा डोळे उघडेना. चंपूताईला रडू कोसळलं. फास निदान तोडता तरी आला होता. या मंडळींचं काय करायचं?

तेवढ्यात वानरीणमावशी लेकीसुनांसह दारात हजर.

चंपूताई जन्मात खोटं बोलली नव्हती. ती म्हणाली, "या ना, मावशी. फक्त बुवा म्हणाले, हा ताप दुसऱ्याला लागतो. आधी शेपटी गळते."

"अगं बाई! मी चुलीवर दूध ठेवून आलेय!" मावशी म्हणाल्या आणि लेकीसुनांसह झाडावर गेल्या.

त्यानंतर कुणी आलं नाही. भिकोबा झोपायचा, पाणी प्यायचा, पुन्हा झोपायचा. चंपूताई उशाशी बसून असायची. हळूहळू ताप उतरला. जखम भरली.

मग एके सकाळी भिकोबा बाहेर येऊन उन्हात बसला. त्याचे डोळे भरून आले.

"ताई, मी मरता मरता वाचलो. पण शेवटी शेवटी एक जण फिरकला नाही हो! अस्वलकाका किती जिव्हाळ्याने आले होते. अशा वेळी आपली म्हणून चार जणं लागतात."

"मी होते की रे," चंपूताई म्हणाली.

"तुम्ही होतात हो. पण तुम्ही काय, घरातल्याच."

चंपूताई उठली. त्याची पाण्याची वेळ झाली होती, म्हणून ती आत गेली.

तात्पर्य : आजाऱ्याची सेवा करण्याच्या भानगडीत पडू नये, समाचाराला जावे. पाणी पाजणारा हात आजारी विसरून जातो. झोपेतून उठवणाऱ्याचे तोंड मात्र त्याला जन्मभर आठवते.