अँग्झायटीचा वाक्यात उपयोग करा

मागल्या पोळ्याला एक बैल बुजला आन् थेट माझ्या अंगावर आला. मी गिरणीच्या कट्ट्यावर उडी मारली. एक चप्पल इकडं, एक तिकडं, छाती धडधडतेय, आणि शेजारी उभे असलेले व्यंकट सर शांतपणे म्हणतात, "अँग्झायटी. वाक्यात उपयोग करा."

माणूस मरता मरता वाचलाय आन् ह्यांना वाक्य पायजे.

व्यंकट सर म्हणजे आमच्या हायस्कुलातले इंग्रजीचे रिटायर मास्तर. माझी पिठाची गिरणी आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून. काकू वारून चार वर्षं झाली, पोरगी सासरी, घरात सर एकटेच. नोकरीत हजारो शब्द शिकवले असतील, पण आता एकच उरलाय. अँग्झायटी, म्हणजे काळजी, जिवाची घालमेल. आणि माणूस घालमेलीत सापडला की सर तिथं हजर.

एका लग्नात तर नवरदेवाच्या घोड्याचा लगामच धरला. पोरगं पुण्यात इंजिनिअर, त्यानं फाडफाड वाक्य बोलून दाखवलं. सर म्हणाले, "हे पुस्तकातलं झालं. स्वतःचं सांग." वरात वीस मिनिटं तिथंच खोळंबली. नवरीच्या मामाला वाटलं, हुंड्याचं काहीतरी बिनसलं, आन् त्यानं तिकडं बीपीची गोळी खाल्ली.

मतमोजणीच्या दिवशी आमच्या उमेदवाराला गाठलं. त्यानं मिशीवर हात फिरवत, "आय हॅव नो अँग्झायटी" असं ठोकून दिलं. सर म्हणाले, "वाक्य बरोबर हाय, माहिती चूक हाय." दुपारपर्यंत तो पडला. तेव्हापासून तो सरांच्या दारावरून जात न्हाई, लांबून वळसा घालतो.

म्हातारा चळला, असं मी चारचौघांत बोलायचो. खोटं कशाला सांगू.

मग माझ्या बायकोच्या पोटात गाठ निघाली. अंबाजोगाईच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. घरात, गल्लीत, पाव्हण्यांत मी सगळ्यांना एकच सांगत होतो, "किरकोळ हाय, काय होत न्हाई." तिला आत नेलं, मेव्हणा औषधं आणायला गेला आणि मी बाहेर बाकड्यावर बसलो. तेवढ्यात जिन्यावरून सर वर येताना दिसले. यष्टीनं आले होते, खांद्याला पिशवी. मला वाटलं, डबा आणला असंल.

शेजारी बसले. पाणी प्यायले. म्हणाले, "अँग्झायटी. वाक्यात उपयोग करा."

बायको आत चिरायला घेतलीय आणि हा माणूस परीक्षा घेतोय? तोंडात आलेली शिवी मास्तर म्हणून गिळली. पण सर हलेनात. शेवटी चिडून म्हणालो, "माय वाइफ इज इनसाइड. आय हॅव अँग्झायटी. झालं?"

"दुसरं."

"शी इज अफ्रेड ऑफ इंजेक्शन. आय हॅव अँग्झायटी."

"तिसरं."

दहावीला इंग्रजीत दोनदा नापास झालेला मी, कुठून शब्द येत होते कुणास ठाऊक. शी डिड नॉट ईट. शी टोल्ड मी, गिव्ह वॉटर टू तुळस. सातव्या वाक्याला म्हणालो, "इफ शी डाय, आय कॅनॉट..." सगळ्या दवाखान्यासमोर मी लहान पोरागत रडलो. जे मराठीत आठ दिवस कुणाला बोललो नव्हतो, ते सगळं त्या मोडक्या इंग्रजीत बाहेर पडलं. सरांनी पाठीवर हात ठेवला आन् ठेवूनच बसले.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले. गाठ काढली, बाई ठीक हाय म्हणाले.

खाली चहा पिताना मी विचारलं, "सर, हे कुठं शिकलात?"

"वरच्या त्याच बाकड्यावर बसलो व्हतो. तुमची काकू आत होती. लोकं यायची, 'काय होत न्हाई सर, तुमी शिकलेली माणसं' म्हणून जायची. मग वहीत वाक्यं लिहीत बसलो. एकसष्ट झाली."

"मग?"

"मग डॉक्टर भाईर आले." सरांनी बशी खाली ठेवली. "तपासायला कुणी न्हवतं."

बायको घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी सरांना म्हणालो, "ती वही आणा. मी तपासतो."

"तुमाला येतंय का?"

"न्हाई येत. पण आणा."

घेऊन आले. पिठाच्या पोत्यावर बसले, हाताची घडी घातली. मी बोट ठेवून एकेक शब्द लावत पहिलं वाक्य वाचलं. "धिस मॉर्निंग शी लॉक्ड द हाऊस अँड गेव्ह मी द की. आय फेल्ट अँग्झायटी."

काकू होत्या तोवर त्यांच्या कमरेची किल्ली मी कधी सरांच्या हातात बघितली नव्हती.

"बरोबर हाय का?" सरांनी विचारलं.

"बरोबर हाय, सर," मी म्हणालो. गिरणीचा पट्टा बंद केला आणि दुसरं वाक्य वाचायला घेतलं.