मुखेडचा खांब

व्यंकट चालायचा तेव्हा त्याचा उजवा हात चेंडूला टप्पे देत असायचा. हातात चेंडू नसायचाच. सहा फूट चार इंचांचा हा माणूस भर दुपारी आमच्या गल्लीतून अर्धवट झोपेत असल्यासारखा यायचा, नजर पत्र्यांच्या वर कुठेतरी, आणि तळवा कमरेजवळच्या हवेवर थापा मारत राहायचा. आठ दिवसांत गल्लीला त्या चेंडूची सवय झाली. टँकरच्या रांगेतल्या बाया घागरी मागे सरकवायच्या. "यंकटभाऊ, जरा बेतानं. चेंडू लागला तर फुटंल की माझी घागर." तो लगेच चेंडू डाव्या हातात घ्यायचा आणि अदबीने म्हणायचा, "न्हाई लागू द्यायचो, ताई."

आमच्या घरी आला की तो वाकून चपलांशेजारी चेंडू ठेवायचा. एकदा माझी आई केर काढत तिथवर आली आणि थांबली. "यंकटा, तुझं ते उचल बाबा. मला झाडायचंय." त्याने उठून उचललं. आईने झाडलं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. त्या दोघांपैकी वेडं कोणाला म्हणावं हे मला काही ठरवता आलं नाही.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत होत्या, पाट्यांवरचा जुना जिल्हा नव्या रंगाखालून अजून दिसत होता. जिल्हा नवा म्हणजे सगळंच नवं लागतं. प्रत्येक खेळाची जिल्हा संघटना, प्रत्येक संघटनेला सेक्रेटरी. कबड्डी आणि खो-खो वरिष्ठांनी आधीच घेतले होते. आमच्या कचेरीतले साहेब मला म्हणाले, "तुम्ही बी.ए. आहात, इंग्रजीत पत्र लिहिता. बास्केटबॉल तुम्ही घ्या." मी आभार मानले. मला मिळालेल्या प्रत्येक गोष्टीचे मी आभारच मानत आलो आहे. बास्केटबॉल मात्र मी तोवर पाहिलेला नव्हता.

त्याच आठवड्यात शेजारची खोली घेऊन व्यंकट राहायला आला. मूळचा नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडचा. तरुणपणी नांदेडच्या संघातून राज्याच्या वरच्या गटात दोन वर्षं खेळला. वरचा गट म्हणजे राज्यातले निवडक आठ संघ. मग आखातात एका कंपनीत क्रेन चालवायला गेला. तिथल्या लोकांनी त्याची उंची पाहिली, क्रेनवरून खाली उतरवला आणि कंपनीच्या संघात घातला. नऊ वर्षं तो तिथल्या मोठ्या संघांविरुद्ध खेळला आणि एक दिवस सगळं सोडून परत आला.

कामून आला, हे गल्लीतल्या प्रत्येकाने त्याला विचारलं. किराणा दुकानदाराला त्याने सांगितलं, "तिथं ऊन लई." तेव्हा आमच्याकडे कडुनिंबही वाळायला लागले होते. माझ्या आईला म्हणाला, "तिथली भेंडी लई गिळगिळीत, मावशी." मला म्हणाला, "तिथला मजला गुळगुळीत, सेक्रेटरी. लाकडाचा. आरशावानी. खाली बघितलं की आपुनच उलटं खेळून राहिलो असं दिसायचं. थंडगार हॉल. बाहेर वाळू पेटलेली आन् आत आपुन पान्याखाली हाव जनू." असं बोलताना त्याचे डोळे हळूहळू मिटायचे आणि मलाही आमच्या उन्हाचा क्षणभर विसर पडायचा.

त्याला काय हवंय ते मात्र त्याने पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं होतं. "गुडघे म्हनतेत, एकच साल. ह्या साली मला वरच्या गटात खेळायचंय. पुढल्या साली मी जिना बी चढनार न्हाई."

नव्या जिल्ह्याला वरच्या गटात यायचं तर पात्रतेचा एक सामना जिंकावा लागणार होता, असं पत्र मला आलं. मी ते त्याला वाचून दाखवलं. त्याने ते माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. कार्यालयीन प्रत होती, पण मला मागवेना.

खेळाडू अकरा जमले. बँकेतले दोघे, एसटीतले तिघे, बाकी कॉलेजातले. व्यंकट धरून बारा. मैदान शाळेमागचं, मुरमाचं. दोन पावलं पळालं की धूळ गुडघ्याएवढी उठायची आणि चेंडू दिसेनासा व्हायचा. मुरूम दाबायला पाणी लागतं. दर चौथ्या दिवशी टँकर येणाऱ्या गावात मैदानावर पाणी मारलं असतं, तर लोकांनी आम्हाला मारलं असतं.

व्यंकट दोन दिवस मैदानाच्या कडेला नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "अंघोळ करता का न्हाई तुमी?"

"करतो, अण्णा. अर्ध्या बादलीची," एसटीतला एकजण म्हणाला.

"कुठं?"

"घरीच की."

"खामखा वाया घालून राहिलेत. उद्यापासून हितं."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता लातूर जिल्ह्याचा बास्केटबॉल संघ अर्धी अर्धी बादली घेऊन मैदानावर आला आणि चड्डीवर अंघोळीला बसला. जो ज्या जागी खेळतो त्याने त्या जागी बसायचं, अशी व्यंकटची शिस्त. तो स्वतः बास्केटच्या कड्याखाली. रोज हातभर सरकायचं म्हणजे आठवड्यात मैदान पुरं होतं. सेक्रेटरी म्हणून मला मधला गोल दिला होता. मी बनियन काढत नसे. आजूबाजूला सगळं पांढरं, उडदाच्या पिठासारखी धूळ, त्यात बारा उघडे आणि एक बनियनवाला माणूस एकमेकांशी न बोलता तांब्याने पाणी घेतायत, आणि लाल साबणाचा वास हळूहळू जमिनीतून वर येतोय. अजून मला ते खरं घडलं असं वाटत नाही.

एक म्हातारबा म्हशीमागून जाताना थांबले. बराच वेळ पाहून म्हणाले, "ह्यो कोनता खेळ म्हनायचा, पोरा?"

"बास्केटबॉल, बाबा."

"आन् ह्याच्यात काय चेंडू बिंडू नसतोय?"

"असतोय. अंघोळ झाल्यावर."

म्हातारबांनी मान डोलावली. "चांगला हाय. सोच्छ हाय," म्हणाले आणि म्हशीमागे गेले.

दोन महिन्यांत मैदान घट्ट झालं आणि संघही झाला. मग पात्रतेच्या सामन्याचं ठिकाण कळलं. नांदेड. समोरचा संघही नांदेडचाच, म्हणजे व्यंकटचा जुना संघ. त्यांची वरच्या गटातली जागा पक्की होती, आमची परीक्षा तेवढी त्यांनी घ्यायची होती.

नांदेडला भिंतीवर, झाडांवर, टपऱ्यांच्या पत्र्यांवर माणसं बसली होती. व्यंकट मैदानात आला आणि ओरडा सुरू झाला. त्याला सगळे ओळखत होते. मुखेडचा माणूस लातूरकडून खेळतो, हा गुन्हा तिथं कोणी माफ करणार नव्हतं. तोंडात पानाचा तोबरा धरलेला एक जाड गृहस्थ टपरीवरून सारखा ओरडत होता. "अय मुखेडच्या खांबा! नांदेडचं खातो आन् लातुरात दात घासतो का रं?"

व्यंकट मात्र सुंदर खेळला. आमचे निम्म्याहून जास्त गुण एकट्याचे. वेळ संपली तेव्हा आम्ही दोन गुणांनी मागे होतो आणि व्यंकटला दोन मोकळ्या फेकी मिळालेल्या होत्या. मोकळ्या फेकीत कोणी आडवं येत नाही. एकट्याने रेषेवर उभं राहायचं आणि पंचांनी चेंडू हातात दिला की काही सेकंदांत टाकायचा, एवढंच. दोन्ही पडल्या तर बरोबरी आणि जादा वेळ. सरावात मी त्याची शंभरातली एखादीच चुकलेली पाहिली होती.

पंचांनी चेंडू दिला. टपरीवरचा गृहस्थ उभा राहिला, पान थुंकला आणि व्यंकटच्या उंचीपासून सुरुवात करून त्याच्या सात पिढ्यांकडे निघाला. व्यंकटने चेंडू छातीशी धरला, मान त्या बाजूला वळवली आणि ऐकत राहिला. शाळेत गोष्ट ऐकताना मुलं ऐकतात तसा. शिट्टी वाजली. वेळ संपली, फेक बाद. दुसरी फेक त्याने कड्याकडे नीट न बघताच टाकली आणि ती पडली. आम्ही एका गुणाने हरलो.

परतीच्या एसटीत लोह्याच्या पुढे मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो. बाहेर उघडी रानं चांदण्यात तरंगत मागे जात होती. "व्यंकटराव, काय झालं हो तुम्हाला? साधी फेक होती."

तो खिडकीतून बघतच बोलला. "नऊ वरसं टाळ्या वाजल्या, सेक्रेटरी. टाकला की टाळ्या, चुकला तरी टाळ्या. लई भली मानसं. पर माझ्या पाठीवरल्या आकड्याला वाजवायचे ते. माझ्या बोलीत मला कुनी एक शिवी न्हाई दिली. रात्री खाटेवर पडून मीच मला द्यायचो दोन-चार. मजा न्हाई येत." मग तो म्हणाला, "आज त्यो गडी माझ्या आज्याच्या नावापस्तोर पोचला व्हता. मी म्हनलं, पुरं ऐकून तर घ्यावं."

तो का परत आला हे मला तेव्हा कळलं, आणि त्याचं वरच्या गटात खेळणं आता संपलं, हेही.

पण आठवड्याने नांदेडचा कप्तान करतारसिंग लातूरला आला. व्यंकटचा जुना सोबती. आईच्या हातचा चहा पीत म्हणाला, "मुखेड नांदेड जिल्ह्यातच आहे ना? मग हा आमचाच. सेक्रेटरीसाब, तुम्ही ना-हरकत द्या फक्त. वरच्या गटाचा पहिला सामना पुढच्या महिन्यात आहे."

व्यंकट भिंतीला टेकून पायाच्या बोटांकडे बघत बसला होता. "तुमी न्हाई म्हनलात तरी मला राग न्हाई," एवढंच बोलला. मी मुलांना विचारलं. एसटीतला म्हणाला, "जाऊ द्या अण्णाला. त्यांच्या गुडघ्यांनी आपली वाट बघावी का?" मी शाई भरून सही केली. माझ्या हस्ताक्षराचं शाळेत कौतुक व्हायचं, पण त्या दिवशी ते नीट आलं नाही.

सामन्याला आम्ही बाराजण नांदेडला गेलो, अकरा खेळाडू आणि मी. भिंतीवर जागा मिळाली. व्यंकट मैदानात आला आणि सगळं नांदेड उभं राहिलं. टाळ्या. आता तो त्यांचा होता. टपरीवरचा गृहस्थही तोबरा सांभाळून टाळ्या वाजवत होता. व्यंकटने दोन-तीनदा त्या बाजूला पाहिलं. मग पाहायचं सोडलं. पळत होता, टाकत होता, टाळ्या पडत होत्या, आणि त्याचा चेहरा मला कुठल्यातरी लांबच्या थंड हॉलमधला वाटायला लागला.

मध्यंतरानंतर त्याला मोकळी फेक मिळाली. टाळ्या थांबल्या. सगळे आदराने गप्प झाले.

आमच्या गुरुजींनी मला शुद्ध बोलायला शिकवलं. त्यांच्या उपकारांमुळे मी शिकलो, आणि तोवर चारचौघांत मी कोणाला अरे-तुरेही केलं नव्हतं. मी भिंतीवर उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. उपाशीपोटी शाळेला पळणाऱ्या पोराला आई दारातून जे म्हणायची, तेच तोंडात आलं.

"अय लंब्या मुडद्या! तुझा मुडदा बशिवला! बघतो काय मेल्यावानी, टाक की!"

लोक वळून बघायला लागले. शेजारचा एसटीवाला माझ्याकडे बघतच राहिला, मग त्यानेही तोंडाभोवती हात धरले. "अय खांबा! लातूरचं पानी डोक्यावर घेऊन इकडं पळतो व्हय रं!"

व्यंकट वळला नाही. त्याचा एक कान मात्र आमच्याकडे आला आणि खांदे सैल पडले. त्याने चेंडू टाकला. तो कड्यावर आपटून बाहेर उडाला.

मग आम्ही बाराही जणांनी मिळून त्याला जे नाही ते म्हणून घेतलं.