वर्ग : छतावर काम करणारा

विम्याचा हप्ता कमी कसा करायचा, ते माझ्याकडून शिका! आम्ही घरादुकानांत गार-गरम हवेची यंत्रं बसवणारे लोक. आमची माणसं छतावरून पडतात, पत्र्यानं कापून घेतात, विजेचे झटके खातात. त्यामुळे कामगारांच्या अपघात विम्याला आम्हाला असा काही दर लावतात, की जणू उड्या मारायचाच पगार देतो आम्ही! पण त्यात एक गंमत आहे. छतावर चढणाऱ्याचा दर खुर्चीत बसणाऱ्याच्या वीसपट असतो.

"मग तुम्ही खुर्चीत बसा," बायको म्हणाली. ऑफिस तीच सांभाळते. "छप्पन्न वर्षांचे गुडघे आहेत ते. आणि खोटं निघालं ना, तर जुना हप्ता दंडासकट भरायला लागेल!"

मी ऐटीत लिहून दिलं : मालक छतावर चढत नाहीत. हप्ता धाडकन उतरला.

आणि माझं कशातच लक्ष लागेना. सकाळी माणसं गाडीवर शिड्या बांधून निघाली, की मी दारात उभा राहायचो, शाळेत न घेतलेल्या मुलासारखा. संध्याकाळी त्यांचे पाने-स्क्रूड्रायव्हर पुसायच्या निमित्तानं हातात घेऊन बसायचो. मला छत हवं होतं हो! तो वरचा वारा, तो तापलेला पत्रा, आणि बंद पडलेलं यंत्र पुन्हा सुरू होताना करतं ती पहिली घरघर. खाली टेबलावर सुरू होऊन होऊन काय होणार? प्रिंटर!

एकदा समोरच्या शिंप्याच्या दुकानावरचं यंत्र खडखडायला लागलं. आमच्या मेकॅनिकनं शिडी लावली आणि सुटा भाग आणायला गोदामात गेला. बायको बँकेत गेली होती. माझे हात शिवशिवू लागले. म्हटलं, नुसतं बघून येतो.

नुसतं बघताना झाकण कधी उघडलं, कळलंच नाही. किती दिवसांनी! मी चक्क त्या यंत्राच्या पाठीवर थोपटलं.

"मालक तुम्हीच का?" मागून आवाज आला. विमा कंपनीचा तपासनीस! ऑफिसात कुणी नाही म्हणून त्यानं समोर चौकशी केली, आणि शिंप्यानंच त्याला कौतुकानं वर धाडलं होतं. "तुम्ही छतावर चढत नाही ना?"

"कधीच नाही!" मी छतावरून ठणकावून सांगितलं. तोंडातला स्क्रू खाली पडला.

"मग हे काय?"

"हवा खातोय."

तो लिहायला लागला, तेवढ्यात यंत्र पुन्हा खडखडलं. त्याचं पेन थांबलं. "बेअरिंग गेलंय," तो म्हणाला. मग हळूच, "चौदा वर्षं हेच काम केलं मी. नंतर टेबल मिळालं."

मी पाना पुढे केला. त्यानं फाईल बाजूला ठेवली, बाह्या सारल्या आणि गुडघे टेकले. अर्धा तास आम्ही दोघं इतके सुखात होतो, की शिडी गेलेली कळलीच नाही! रिकामी शिडी उभी दिसली की उचलायची, असा नियम मीच केला होता, अपघात नकोत म्हणून. मेकॅनिकनं तो पाळला आणि सुटा भाग खाली ठेवून तो जेवायला गेला.

आमचा आरडाओरडा ऐकून शेवटी बायकोच आली.

"कितीजण अडकलात?"

"दोघं."

"कुठल्या वर्गातले?"

"दोघंही खुर्चीतले," तपासनीस पडेल आवाजात म्हणाला.

अहवाल त्यानं प्रामाणिकपणे लिहिला, फक्त स्वतःला वगळून. दंडासकट पत्र आलं. माझं नाव आणि पुढे ठळक अक्षरांत : छतावर काम करणारा. बायको कपाळाला हात लावून बसली. मी मात्र ते पत्र चार वेळा वाचलं. इतकं छान माझ्याबद्दल कुणी कधी लिहिलं नव्हतं.

"दुसरं पान वाचलंत?" बायकोनं विचारलं.

दुसऱ्या पानावर होतं, पन्नाशीनंतर या वर्गाला डॉक्टरांचा दाखला सक्तीचा. डॉक्टरांनी गुडघ्यांचे फोटो पाहिले आणि शिडीच काय, स्टूलसुद्धा बंद केलं. म्हणजे हप्ता छतावरचा आणि मी पुन्हा खुर्चीत!

मला परत खुर्चीच्या वर्गात घ्यावं, असा अर्ज बायकोनं लगेच तयार केला. पाकिटात घातला, तिकीट लावलं आणि पेटीत टाकायला माझ्याकडे दिला. त्याला आता तीन महिने झाले. अजून माझ्या खिशातच आहे. टाकतो हो, उद्या टाकतो. पेटी काय पळून चाललीय!