डबा कुठाय?

माणूस दवाखान्यातून घरी आलं की लोक विचारतात, "आता कसं वाटतंय?" आमच्या इंदूअक्का दारातूनच विचारतात, "डबा कुठाय?"

चामराजपेटेतलं आमचं महिला मंडळ अक्कांनीच सुरू केलं. हळदीकुंकू, भजन, सहली सगळं होतं, पण मंडळाचं मुख्य काम म्हणजे गल्लीत कुणी आजारी पडलं की त्या घरी जेवणाचा स्टीलचा डबा पोचवणं. डबा कुणीही न्यावा, परत आणायला मात्र अक्काच जाणार. झाकण मिळालं नाही तर त्या घरातली अख्खी मांडणी उचकणार. तासभर तरी हलत नाहीत. माझ्या बाळंतपणात तर झाकण शोधता शोधता त्यांनी माझ्या मुलीला न्हाऊही घातलं.

मंडळाचा इतिहास त्या प्रत्येक नव्या बाईला ऐकवतात. "लग्न होऊन बेळगावहून आले आणि टायफॉइड झाला बघ. इथं ओळखीचं कोण नव्हतं. शेजारच्या कन्नड बाईंनी सारभाताचा डबा दिला. बरी झाल्यावर परत द्यायला गेले, तर तिथं चारजणी गप्पा मारत बसलेल्या. म्हणाल्या, बस की. बसले. झालं मंडळ!"

यंदा नेहा मंडळात आली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, महादेवपुऱ्यात आयटी कंपनीत असते, झटपट कामाची मुलगी. बैठकीत म्हणाली, "अक्का, डिस्पोजेबल डबे घेऊया ना. परत आणायची कटकटच नको."

"मग परत जायचं कशाला?" अक्का कडाडल्या.

"तेच तर म्हणतेय मी!"

हात वर झाले, माझाही झाला. अक्का हरल्या. म्हातारपणी माणूस हट्टी होतं, असं आम्ही आपसांत म्हणालो आणि विषय मिटवला.

गेल्या महिन्यात अक्का न्हाणीत घसरल्या आणि पाय मोडून घेतला. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशात. प्लास्टिकचा डबा बघून त्या जेवायच्या नाहीत, म्हणून मी माळ्यावरून मंडळाचा जुना स्टीलचा डबा काढला आणि भरून देऊन आले. दुसऱ्या दिवशी न्यायला गेले. कामवाल्या बाईंनी तो लख्ख घासून, झाकणासकट ओट्यावर पालथा घातलेला मला दारातूनच दिसला.

"अक्का, डबा कुठाय?" मी गमतीनं विचारलं.

अक्कांनी ओट्याकडे बघितलंसुद्धा नाही. "घासायचा राहिलाय अजून. उद्या ये की."

इतकी वर्षं ही बाई घरोघरी काय आणायला जात होती, ते तेव्हा कळलं. मी पर्स खाली ठेवली.

"सरी अक्का, उद्या येते. पण झाकण तरी आहे ना?"

"कुठलं! तेपण सापडत नाही. बस तू, शोधूया."