ताटलीतली सहा अंडी

कोंबड्या मोकळ्या सोडायच्या, हा निर्णय माझा. माझी बायको लोर्ना, तिचं म्हणणं होतं, आधी खुराडं बांध, मग कोंबड्या आण. मी म्हणालो, "कोंडलेली कोंबडी सुखी नसते, आणि दुःखी कोंबडीच्या अंड्याला बक्षीस मिळत नाही." (खरं कारण, मला खिळा सरळ ठोकता येत नाही.)

बक्षीस म्हणजे आमच्या गावच्या कृषी प्रदर्शनातलं. स्पर्धा अशी: ताटलीत सहा तांबूस अंडी. मी पोस्टात कामाला आहे; काउंटरवर येईल त्याला मी ऐकवून ठेवलं होतं, की यंदा पहिला नंबर आम्हा ट्रेलोरांच्या घरी. लोर्नाने अट घातली, "नंबर आला नाही तर कोंबड्या माझ्या भावाच्या शेतावर जातील. मग कुरकुर नको."

चार कोंबड्या आल्या. दोन दिवसांत टोमॅटोची रोपं संपली. तिसऱ्या दिवसापासून त्या व्हरांड्यात, माझ्या खुर्चीवर बसून, सगळे विधी उरकू लागल्या. पाच आठवडे गेले. विधी रोज, अंडं एक नाही! नाश्त्याला लोर्ना अंडं पुढे ठेवायची तेव्हा मी नाक मुरडायचो, "विकतच्या अंड्याला चवच नाही." ती माझ्या ताटलीत आणखी एक वाढायची.

प्रदर्शन शनिवारी होतं. सोमवारी सकाळी मी आमच्या पोस्टमास्तरीणबाई, मिसेस नीबोन, यांना फोन केला.

"बाई, पोटात फार दुखतंय हो."

"मग आडवा पड," बाई म्हणाल्या.

मी आडवाच पडलो, पण परसात, तांबडी कोंबडी अंडं कुठे घालते ते बघायला तिच्या मागे. दोन तास मी सरपटत होतो. तीन वेळा ती थांबली आणि तिने मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, की मलाच लाज वाटली. शेवटी पावसाच्या पाण्याच्या टाकीमागे ती दिसेनाशी झाली. मी टाकीखाली हात घातला. अकरा अंडी!

"कधीची आहेत कुणास ठाऊक," लोर्ना म्हणाली. "पाण्यात टाकून बघ. तरंगलं तर—"

"सुखी कोंबडीचं अंडं आहे ते. त्याची परीक्षा घ्यायची नसते."

परीक्षा शनिवारी झाली. नेहमीचा परीक्षक आजारी पडला (तो खरोखरच आजारी होता), म्हणून त्याच्या जागी मिसेस नीबोन आल्या. प्रत्येक ताटलीतलं एक अंडं फोडून बलक बघतात, हा नियम मला ठाऊक नव्हता. बाईंनी माझं अंडं बशीच्या कडेवर टिचकावलं. फट् असा आवाज झाला. वासाचं वर्णन मी करत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बायका आपापले केक उचलून हॉलबाहेर पळाल्या, एवढंच सांगतो.

बाईंनी नाकाला रुमाल लावला. "क्लाइव्ह, सोमवारी तुझं पोट कशाने दुखत होतं, ते आज कळलं."

पहिला नंबर आमच्या शेजारच्या गस शिर्मरचा आला. त्याच्याकडे एकही कोंबडी नाही! मी त्याला दारातच गाठलं.

"गस, अंडी कुठून आणलीस?"

"तुझ्याच कोंबड्यांची रे. पहिला आठवडा टाकीखाली घातली असतील, तेव्हापासून टाकीमागच्या फटीतून रोज सकाळी माझ्याकडे येतात. तांबडी माझ्या बागकामाच्या बुटात बसते, बाकीच्या रांग लावतात. मी लोर्नाला दर आठवड्याला डझनभर देतो की!"

मी लोर्नाकडे पाहिलं.

"मी सांगणारच होते," ती म्हणाली, "पण तूच म्हणायचास, त्यांना चवच नाही."

मी मान खाली घातली. कोंबड्या गेल्या, हे मी मनात धरलंच होतं. पण लोर्नाचा हिशेब वेगळा निघाला. नंबर कोंबड्यांचा आलाय, नापास झाला तो क्लाइव्ह. तेव्हा त्या राहतील. राहिल्या, पण गसकडे. त्याने एका दुपारी खुराडं बांधलं. चौघी आपणहून आत गेल्या. दार दिवसभर उघडं असतं, तरी एकीलाही माझी आठवण येत नाही. (व्हरांड्यातल्या खुर्चीची येते. तेवढ्यापुरत्या त्या रोज येऊन जातात.)

आता दर रविवारी गस मला सहा अंडी देतो. लोर्नाच्या सांगण्यावरून मी त्याचे आभार मानतो आणि सोमवारी त्याचा डबा धुऊन परत करतो.